डिप्लोमा, पीयूसी, तीन वर्षे की चार? दहावीनंतरच्या निर्णयाविषयी

दहावीचा निकाल लागला की मंडळाच्या वाचनालयात वर्तमानपत्रे वाचायला येणाऱ्यांपेक्षा गुणपत्रिका घेऊन येणारे जास्त होतात. आम्ही काही शिक्षणतज्ज्ञ नव्हे. बी. कॉम. होऊन बँकेत लागलो, बेळगाव, निपाणी आणि चिकोडीच्या आसपासच्या शाखांत आयुष्य काढले आणि निवृत्त झालो. तरीही लोक येतात, कारण शैक्षणिक कर्जाचे अर्ज आमच्या टेबलावरून गेले आहेत असे त्यांना ठाऊक असते.

गेल्या हंगामात निपाणीहून एक बाई आल्या. विड्या वळतात. मुलाला दहावीत अठ्ठ्याहत्तर टक्के, शिक्षण मराठी माध्यमात. म्हणाल्या, "साहेब, पोरगं म्हणतंय डिप्लोमा करतो. त्याचा मामा म्हणतोय कॉलेजलाच घाल, डिप्लोमा म्हंजे नापासांचं काम. आणि शेजारची सांगत्यात की आता डिग्रीच चार वर्षांची झालीया. मी काय करू?"

एका दमात त्यांनी तीन वेगळे प्रश्न विचारले. बहुतेक घरांत हे प्रश्न असेच एकमेकांत गुंतलेले असतात. ते सोडवून पाहिल्याशिवाय उत्तर देता येत नाही, म्हणून हा लेख.

पहिला प्रश्न डिप्लोमा की पीयूसी. इथे आधी एक साधा हिशेब मांडतो, कारण तो मांडलेला आम्ही फार कमी घरांत पाहिला. दहावीनंतर दोन वर्षे पीयूसी आणि चार वर्षे बी. ई., म्हणजे सहा वर्षे. दहावीनंतर तीन वर्षे डिप्लोमा, मग लॅटरल एंट्रीने थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश आणि तिथे तीन वर्षे. हीही सहाच. दोन्ही मुले एकाच वर्षी इंजिनिअर होतात. "डिप्लोमात वर्ष वाया जाते" हे वाक्य आम्ही सुशिक्षित पालकांच्या तोंडूनही ऐकले आहे. त्याला आधार नाही.

फरक आहे तो वाटेत थांबावे लागले तर. वडील आजारी पडले, पाऊस दगा देऊन गेला, बहिणीचे लग्न निघाले, काहीही होऊ शकते. तीन वर्षांनंतर थांबलेल्या डिप्लोमाच्या मुलाच्या हातात असा कागद असतो, जो उद्यमबागेतल्या किंवा मच्छेतल्या फाउंड्रीचा मॅनेजर ओळखतो. कागल, गोकुळ शिरगाव, शिरोली इथेही तो चालतो. बेळगाव आणि कोल्हापूर ही दोन्ही गावे ओतकाम आणि यंत्रकामावर उभी राहिली, हत्तरगीला तर विमानाचे सुटे भाग होतात. तिथे मेकॅनिकल किंवा टूल अँड डायचा डिप्लोमा झालेला मुलगा कोण, हे कोणी समजावून सांगावे लागत नाही. याच तीन वर्षांनंतर थांबलेल्या दुसऱ्या मुलाच्या हातात पीयूसी आणि इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाची गुणपत्रिका असते. तिच्यावर कोण नोकरी देतो?

हे आम्ही पुस्तकातून सांगत नाही. फार वर्षांपूर्वी एका शेतकऱ्याच्या मुलाचे इंजिनिअरिंगचे कर्ज आम्ही स्वतः मंजूर केले होते. कागद चोख, मुलगा नम्र, वडिलांची दीड एकर बागायत. मुलगा मराठी माध्यमातून एकदम इंग्रजी पीयूसीत गेलेला, तिथे कसाबसा निघाला, आणि दूरच्या एका खासगी महाविद्यालयात व्यवस्थापनाच्या जागेवर प्रवेश घेतला. दुसऱ्या वर्षात विषय तुंबले आणि तो घरी परतला. कर्ज मात्र घरी परतत नाही. शैक्षणिक कर्जात आईवडील सहकर्जदार असतात हे सही करताना कोणाच्या लक्षात राहत नाही. खाते थकीत गेले, वसुलीची पत्रे आमच्याच सहीने निघाली आणि त्या गृहस्थांनी अर्धा एकर विकून खाते बंद केले. पैसे भरायला आले तेव्हा रागावले नाहीत, आम्हाला चहा पाजून गेले. तो चहा अजून घशाखाली उतरलेला नाही. मंजुरीच्या वेळी आम्ही उत्पन्न पाहिले, तारण पाहिले. मुलाला हा अभ्यास झेपेल का आणि मध्ये थांबला तर त्याच्या हातात काय राहील, हे विचारले नाही. फॉर्ममध्ये तो रकाना नव्हता.

अमेरिकेत ज्यांची नातवंडे आहेत अशा सभासदांना हा प्रश्न वेगळ्या नावाने माहीत आहे. तिथे कम्युनिटी कॉलेज की चार वर्षांचे विद्यापीठ, असा वाद घरोघरी चालतो. इलिनॉयमधल्या जोलिएट गावी १९०१ मध्ये असे पहिले सरकारी दोन वर्षांचे कॉलेज सुरू झाले. कॅलिफोर्नियाने १९६० मध्ये आराखडाच आखला: वरच्या आठव्या हिश्श्यातल्या मुलांसाठी मुख्य विद्यापीठ, वरच्या तिसऱ्या हिश्श्यासाठी राज्य विद्यापीठ आणि कम्युनिटी कॉलेजचे दार सगळ्यांना उघडे. घराजवळ राहून कमी फीत दोन वर्षे काढायची, असोसिएट डिग्री घ्यायची आणि मग विद्यापीठाच्या तिसऱ्या वर्षात जायचे. न्यू जर्सीत राहणारी आमची भाची मुलाला तिथे घालताना ओशाळून सांगत होती. आम्ही तिला म्हणालो, अगं, ही तर आपली लॅटरल एंट्री! तिला हसू आले. मुलगा आता विद्यापीठात आहे.

आपल्याकडे यूजीसीने २०१३-१४ च्या सुमारास कम्युनिटी कॉलेज याच नावाने योजना आणली होती. नाव फारसे रुजले नाही. रुजायचे कारणही नव्हते, कारण ते काम पॉलिटेक्निक आणि आयटीआय आधीपासून करत होते. चिकोडीचे सी. बी. कोरे पॉलिटेक्निक किंवा बेळगावचे मराठा मंडळाचे पॉलिटेक्निक हीच आपली कम्युनिटी कॉलेजे. शिवाय कर्नाटक सरकारच्या टूल रूमचे, म्हणजे जीटीटीसीचे, केंद्र बेळगावात आहे. तिथला टूल अँड डाय मेकिंगचा डिप्लोमा तीन वर्षे शिक्षण आणि एक वर्ष प्रत्यक्ष कारखान्यात असा चार वर्षांचा असतो. दहावीनंतर लगेच घेता येतो. आमच्या ओळखीच्या किती पालकांनी तिथे चौकशी केली असेल? एका हाताची बोटे पुरतील. आणि तेवढेही जमत नसेल तर दोन वर्षांचा आयटीआय करून डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षात जाण्याची वाट कर्नाटकात आहे.

आता डिप्लोमाची उणीवही सांगितली पाहिजे, नाहीतर आम्ही एजंट ठरू. ती उणीव गणिताची. डिप्लोमाचे गणित आणि पीयूसी सायन्सचे गणित यांत अंतर आहे. लॅटरलने आलेले मूल थेट तिसऱ्या सेमिस्टरमध्ये बसते आणि पीयूसीची मुले दोन वर्षे घोकून आलेली असतात. व्हीटीयूलाही हे ठाऊक आहे, म्हणून तर डिप्लोमाहून आलेल्यांसाठी अतिरिक्त गणिताचे वेगळे विषय ठेवावे लागले. ज्याला पुढे बी. ई. करायचेच आहे त्याने डिप्लोमाच्या पहिल्या वर्षापासून पीयूसीचे गणिताचे पुस्तक बाजूला ठेवून सोडवावे. डीसीईटीच्या परीक्षेलाही ते उपयोगी पडते. आणि ज्या मुलाला गणित-विज्ञान मनापासून आवडते, इंग्रजीची भीती नाही, त्याला मामाच्या म्हणण्याप्रमाणे पीयूसी सायन्सलाच घालावे. मेडिकलला जायचे असेल तर दुसरा मार्गच नाही.

दुसरा प्रश्न, डिग्री चार वर्षांची झाली का? याचे उत्तर तुम्ही रस्त्याच्या कोणत्या बाजूला उभे आहात त्यावर आहे. निपाणीकरांसाठी तर हे अक्षरशः खरे आहे. निपाणीत के. एल. ई. संस्थेचे जी. आय. बागेवाडी महाविद्यालय आहे. ते राणी चन्नम्मा विद्यापीठाला जोडलेले. आणि निपाणीला लागूनच अर्जुननगरला जनता शिक्षण मंडळाचे देवचंद महाविद्यालय आहे. पण अर्जुननगर कागल तालुक्यात, कोल्हापूर जिल्ह्यात, म्हणजे शिवाजी विद्यापीठात. एकाच गल्लीतली दोन मुले सकाळी सायकलवर निघतात, एक कर्नाटकची पदवी घेते आणि दुसरे महाराष्ट्राची. पूर्वी दोघांची डिग्री तीन वर्षांचीच होती, त्यामुळे अंतर जवळ कुठले एवढेच लोक पाहत. आता तसे राहिले नाही.

घडले ते असे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये आले. पदवी स्तरावर ते अमलात आणण्यात कर्नाटक देशात पहिले ठरले, २०२१-२२ पासून. पदवी चार वर्षांची ऑनर्स, मध्ये बाहेर पडायची सोय. त्याच वर्षी पदवीला कन्नड सक्तीचा विषय झाला आणि ते प्रकरण उच्च न्यायालयात गेले, हे आपल्या वाचकांना आठवत असेल. मग २०२३ मध्ये सरकार बदलले. नव्या सरकारने प्रा. सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली राज्य शिक्षण धोरण आयोग नेमला. (थोरात यूजीसीचे माजी अध्यक्ष आणि आपल्या विदर्भाचे. कर्नाटकचे शिक्षण धोरण एका मराठी माणसाने लिहावे, यात आम्हाला थोडी गंमत वाटली.) आयोगाच्या अंतरिम अहवालानंतर मे २०२४ मध्ये आदेश निघाला आणि २०२४-२५ पासून कर्नाटकात पदवी पुन्हा तीन वर्षांची झाली. अंतिम अहवाल ऑगस्ट २०२५ मध्ये सादर झाला.

महाराष्ट्र नेमका उलट्या दिशेने गेला. २०२३-२४ मध्ये स्वायत्त महाविद्यालयांत आणि २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांतही नवे धोरण लागू झाले. म्हणजे ज्या जून महिन्यात निपाणीच्या एका बाजूला चौथे वर्ष गेले, त्याच जूनमध्ये दुसऱ्या बाजूला ते आले. योगायोग म्हणा, राजकारण म्हणा. सीमेवर राहणाऱ्याला दोन्ही सरकारांचे निर्णय भोगावे लागतात आणि त्यात त्याचे मत कोणी विचारत नाही.

मग कोणती पदवी चांगली? घाबरण्याचे कारण नाही हे आधी सांगतो. महाराष्ट्राच्या बाजूलाही तिसऱ्या वर्षाअखेर ठरलेले क्रेडिट झाले की पदवी घेऊन बाहेर पडता येते. चौथे वर्ष ही ऑनर्सची पदवी आहे आणि ते मुलाच्या इच्छेवर आहे. बँकेच्या परीक्षा, लोकसेवा आयोग, सगळीकडे पदवीधर असणे पुरते, तीन वर्षांचा की चार वर्षांचा असे विचारत नाहीत. एम. ए., एम. कॉम. करायचे असेल तर तीन अधिक दोन आणि चार अधिक एक, दोन्हीकडे पाचच वर्षे. ज्याला संशोधनात जायचे आहे त्याला मात्र चार वर्षांचा फायदा आहे: यूजीसीच्या नियमांप्रमाणे चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के मिळवणाऱ्याला एम. ए.-एम. एस्सी. न करताही पीएच. डी.च्या प्रवेशाचा प्रयत्न करता येतो. आणि ज्यांच्या मनात अमेरिका आहे त्यांनीही लक्षात ठेवावे, तिकडची अनेक विद्यापीठे सोळा वर्षांचे शिक्षण मागतात. बी. ई.वाल्यांची सोळा आपोआप भरतात, तीन वर्षांच्या बी. एस्सी.-बी. कॉम.ची भरत नाहीत.

महाराष्ट्राच्या बाजूच्या पालकांनी एक प्रश्न मात्र प्रवेशाच्या दिवशीच विचारावा: या महाविद्यालयात या विषयाचे चौथे वर्ष चालेल का? २०२४-२५ ला आत गेलेली मुले २०२७ मध्ये तिसरे वर्ष पूर्ण करतील. चौथ्या वर्षाला शिक्षक लागतात, संशोधनाचा पर्याय असेल तर मार्गदर्शक लागतात. तालुक्याच्या गावात ते सगळ्या विषयांना मिळतील असे धरून चालू नये. नाही मिळाले तर चौथ्या वर्षासाठी कोल्हापूर गाठावे लागेल, खोलीचे भाडे आणि मेसचे पैसे आताच हिशेबात धरा.

राहिली ती मधली दारे. नव्या धोरणात पहिल्या वर्षानंतर सर्टिफिकेट आणि दुसऱ्या वर्षानंतर डिप्लोमा घेऊन बाहेर पडता येते, त्यासाठी वरचा चार क्रेडिटचा कौशल्याचा अभ्यासक्रम करावा लागतो. क्रेडिट बँकेत जमा राहतात, नंतर परत येता येते. कल्पना चांगली आहे. पण आम्ही बँकेतले लोक, चेक दिसला की तो वटेल का हे आधी पाहतो. बी. ए.च्या दुसऱ्या वर्षानंतरचा डिप्लोमा आणि पॉलिटेक्निकचा तीन वर्षांचा डिप्लोमा यांचे नाव एकच आहे. कारखान्याच्या दारात दुसरा वटतो. पहिल्याला ओळखणारा मालक आम्हाला अजून भेटलेला नाही. नावाच्या या सारखेपणामुळे दोन घरांचा गोंधळ झालेला आम्ही पाहिला, म्हणून इतके लिहिले.

तिसरा प्रश्न त्या बाईंनी विचारला नव्हता, पण सीमाभागात तो सुटत नाही. राज्य बदलले तर हक्क जातो का? इथे आपल्या लोकांत अज्ञान फार आहे आणि त्याची किंमत मुले मोजतात. महाराष्ट्राच्या तांत्रिक प्रवेशांत वादग्रस्त सीमाभागातील संस्थेतून दहावी-बारावी झालेल्या, मातृभाषा मराठी असलेल्या उमेदवारांसाठी वेगळा प्रकार आहे, त्याला 'टाइप ई' म्हणतात. शाळा सीमाभागात असल्याचा आणि मातृभाषा मराठी असल्याचा, असे दोन दाखले लागतात. ८६५ गावांची यादी आहे, आपले गाव त्यात आहे का ते पाहून ठेवा. दाखले निकालानंतर धावपळीत काढू नका, दहावीच्या वर्षीच दिवाळीच्या सुट्टीत काढा. राखीव प्रवर्गाचे नियम त्या त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतच वाचावेत, शेजाऱ्याच्या मुलाला तीन वर्षांपूर्वी काय झाले त्यावर जाऊ नये. गंमत म्हणजे कर्नाटकही हेच करते. जत, अक्कलकोट, दक्षिण सोलापूर, गडहिंग्लज या तालुक्यांतल्या कन्नड भाषक मुलांना कर्नाटकच्या सीईटीत पात्रता आहे. दोन्ही सरकारे एकमेकांच्या मुलांना सारखीच दारे ठेवतात आणि न्यायालयात मात्र भांडतात.

आणि जो मुलगा दहावीपर्यंत कर्नाटकात शिकून अकरावी-बारावीला अर्जुननगरला जातो, त्याचा केसीईटीचा हक्क त्याने बुडत नाही. नियम किमान सात वर्षे कर्नाटकात शिक्षण आणि दहावी किंवा बारावी यांपैकी एक कर्नाटकातून, असा आहे. ग्रामीण भागात पहिली ते दहावी झाली असेल तर ग्रामीण कोटाही आहे, तो मराठी माध्यमाच्या मुलालाही मिळतो. कन्नड माध्यमाचा कोटा अर्थातच आपल्या मुलांना मिळत नाही. भाषेचा विचार करताना आणखी एक: महाराष्ट्राच्या तंत्रशिक्षण मंडळाने अलीकडच्या वर्षांत डिप्लोमाला मराठी-इंग्रजी द्विभाषिक पर्याय आणला आहे. मराठी माध्यमाच्या मुलाचे पहिले सहा महिने त्याने सोपे जातील. उलट, बेळगाव जिल्ह्यातच नोकरी करायची असेल तर कन्नड वाचता-लिहिता यायला हवे. बँकेत क्लार्क व्हायचे तर त्या राज्याची भाषा यावीच लागते. आम्ही स्वतः काउंटरवर बसून कन्नड शिकलो, त्याने आमचे मराठीपण कमी झाले नाही.

पैशाबद्दल थोडे. समजा दरवर्षी एक लाखाप्रमाणे चार वर्षे कर्ज घेतले, व्याज दहा टक्के. शिक्षण आणि पुढचे एक वर्ष हप्ता नाही, पण सरळ व्याज चढत राहते. पाच वर्षांनी चार लाखांचे पाच लाख चाळीस हजार होतात. सात वर्षांत फेडायचे तर महिन्याला साधारण ८,९६५ रुपये. लॅटरलने गेलेला मुलगा तीनच वर्षे कर्ज काढतो. त्याचे तीन लाखांचे तीन लाख नव्वद हजार होतात आणि हप्ता ६,४७४ च्या आसपास. महिन्याला अडीच हजारांचा फरक. पहिल्या पगारात तो चांगलाच जाणवतो. घरचे वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर बारावीनंतरच्या तांत्रिक-व्यावसायिक अभ्यासक्रमांना या सवलतीच्या काळातले व्याज केंद्र सरकार भरते, संस्था मान्यताप्राप्त हवी. चार लाखांपर्यंत तारण मागू नये असा नियम आहे. शाखेत कोणी मागितले तर लेखी मागा म्हणावे. आयटीआयसारख्या कौशल्याच्या अभ्यासक्रमांसाठी वेगळी कौशल्य कर्ज योजना आहे, तिची मर्यादा २०२४ मध्ये दीड लाखावरून साडेसात लाख झाली.

त्या बाईंना आम्ही यातले निम्मेसुद्धा सांगितले नाही. मुलाला जवळ बोलावले आणि विचारले, "बाळ, गणित आवडतं का?" तो म्हणाला, "आवडत नाही, पण येतं." हात काळे व्हायला आवडतात का, तर हसला. घरातला मिक्सर त्याने तीनदा उघडला होता म्हणे, आईने सांगितले, त्यातला एकदा तो परत चालू झाला. मेकॅनिकलच्या डिप्लोमाला त्याने अर्ज केला. मामाला आम्ही फोनवर सहा अधिक दहा सोळा आणि सहा अधिक दहा सोळाच, हा हिशेब दोनदा सांगितला. त्याने ऐकून घेतले, मग म्हणाला, "पण पुढं इंजिनिअर होईल ना?"

आम्ही त्याला गणिताच्या पुस्तकाचे नाव लिहून दिले आहे. दर पंधरवड्याला शनिवारी संध्याकाळी तो मुलगा वाचनालयात येतो आणि मंडळाचे एक निवृत्त शिक्षक सभासद त्याला तासभर शिकवतात. आणखी दोन-तीन मुले असतील तर त्यांनी जरूर यावे, फी नाही.